‘मूळचे कोण?’ : दक्षिण आफ्रिका, समुद्र आणि आपले कोकणी लोक

दरवर्षी वर्गात स्थलांतराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, “आपण मूळचे इथलेच ना?” विचारणारा कधी अहमद असतो, कधी अनिकेत. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे घरात, रस्त्यावर, मोबाइलवर ऐकलेलं बरंच काही असतं, हे आम्हा शिक्षकांना कळतं. सरळ उत्तर द्यायला गेलं की वर्ग तापतो. मुलं ऐकायचं सोडून बाजू घ्यायला लागतात. म्हणून आम्ही एक युक्ती करतो. नकाशावरचं बोट आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकापर्यंत नेतो आणि म्हणतो, “आधी यांचं बघू.”

दक्षिण आफ्रिका निवडण्याची कारणं दोन. एक म्हणजे, तिथं कोण कधी आलं, कुणाला कुणी आणलं आणि कुणाला कोणत्या कायद्याने ‘परकं’ ठरवलं, याची साडेतीनशे वर्षांची लेखी नोंद आहे. दुसरं कारण घरचं आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत ‘केपटाऊन’ हे नाव परकं नाही. आज पोरं कुवेत-दुबईला जातात, तशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातली पोरं मुंबईहून आगबोटीत बसून केपला जात होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं आहेत.

सुरुवात एका खोट्या धड्यापासून करू. गोऱ्या राजवटीत तिथल्या शाळांतून मुलांना शिकवलं जाई की दक्षिणेकडून गोरे वर सरकत होते, त्याच सुमारास उत्तरेकडून काळे लोक खाली सरकत होते आणि मधली जमीन रिकामीच होती. म्हणजे दोघेही सारखेच ‘बाहेरचे’, मग जो बळकट त्याची जमीन! प्रत्यक्षात लिम्पोपो नदीच्या दक्षिणेला लोखंड गाळणाऱ्या, धान्य पिकवणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या बांटूभाषक लोकांच्या वस्त्यांचे अवशेष इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासूनचे सापडले आहेत. त्यांच्याही आधीपासून पश्चिमेकडच्या भागात शिकार करणारे सान आणि मेंढ्या-गुरं राखणारे खोईखोई होतेच. पण पुस्तकात छापलं की ते खरं वाटतं, आणि तीस-चाळीस वर्षं छापत राहिलं की एक अख्खी पिढी तेच खरं मानून मोठी होते. आमच्या पेशातल्या माणसाने हे लक्षात ठेवावं असं आहे.

६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रिबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी टेबल बे या उपसागरात उतरला. देश जिंकायला तो आलेला नव्हता. हॉलंडहून जावा बेटाकडे जाणाऱ्या जहाजांवर ताजी भाजी न मिळाल्याने खलाशी स्कर्व्हीने मरत. त्यांच्यासाठी वाटेत भाजीचा मळा करायचा, पाणी भरून घ्यायचं आणि खोईखोईंकडून मांसासाठी गुरं विकत घ्यायची, एवढाच कंपनीचा हिशेब. पण पाच वर्षांनी, १६५७ मध्ये, कंपनीने आपल्या काही नोकरांना मोकळं करून शेतीसाठी जमिनी तोडून दिल्या. त्या जमिनी खोईखोईंची चराऊ कुरणं होती. १६५९ मध्ये लढाई पेटली. १६६० मध्ये तहाची बोलणी झाली, तेव्हा खोईखोई पुढाऱ्यांनी काय विचारलं ते रिबेकने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. आम्ही तुमच्या हॉलंडात येऊन असं वागलो असतो तर तुम्ही आम्हाला वागू दिलं असतं का, असा त्यांचा सवाल होता. रिबेकचं उत्तर थोडक्यात असं, की जमीन आता लढाईत गेली आहे, ती परत मिळायची नाही. पुढे सीमा आखण्यासाठी त्याने कडू बदामाच्या झुडपांचं लांबलचक कुंपण लावलं. त्या कुंपणाचा काही भाग केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानात आजही उभा आहे.

या बोलण्यांत दुभाषाचं काम करणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. आउत्शुमाओ नावाचा खोईखोई पुढारी डच यायच्या वीस वर्षं आधीच इंग्रजांच्या जहाजावरून जावापर्यंत जाऊन इंग्रजी शिकून आला होता. जहाजवाले आणि आपले लोक यांच्यामधला तो मध्यस्थ. कंपनीला तो डोईजड झाला तेव्हा १६५८ मध्ये त्याला रॉबेन बेटावर नेऊन टाकलं. तिथून तो एका गळक्या होडीतून निसटला. हेच ते बेट, जिथं तीनशे वर्षांनी नेल्सन मंडेला आणि अहमद कथराडा दगड फोडत होते.

मळ्याला आणि शेतांना मजूर हवे होते. खोईखोईंना गुलाम करायला कंपनीने मनाई केली होती, कारण त्यांच्याकडून गुरं विकत घ्यायची होती. मग गुलाम बाहेरून आणले. १६५८ पासून इंग्रजांनी १८०८ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करेपर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं केपला आणली गेली. मादागास्करहून, पूर्व आफ्रिकेतून, आजच्या इंडोनेशियातून आणि हिंदुस्थानातून. ढोबळमानाने त्यातला पाव हिस्सा आपल्याकडचा होता : बंगाल, कोरोमंडल, मलबार. गुलामाचं मूळ नाव कोण लिहून घेणार? कारकुनाने एक सोपं नाव ठेवायचं आणि पुढे ठिकाण जोडायचं. ‘व्हान बंगालन’ म्हणजे बंगालची, ‘व्हान मलबार’ म्हणजे मलबारचा. पुढे त्यांची मुलं तिथंच जन्मली तेव्हा ती ‘व्हान दे काप’, म्हणजे केपची झाली. एका पिढीत ‘कुठचे’ बदलतं ते असं, कारकुनाच्या दौतीतून.

याच जहाजांतून कंपनीचे राजकीय कैदीही आले. शेख यूसुफ (रह.) मकासरचे, गोवा नावाच्या सल्तनतीच्या घराण्यातले. (हे गोवा म्हणजे आपलं गोवा नव्हे, सुलावेसी बेटावरचं.) विद्वान, सूफी, आणि बांतेनच्या सुलतानाच्या बाजूने डचांशी लढलेले. १६८३ मध्ये पकडले गेले, आधी सिलोनला धाडले गेले आणि १६९४ मध्ये ४९ जणांसह केपला. लोकांपासून लांब राहावेत म्हणून त्यांना शहराबाहेर झांडव्हलीट नावाच्या शेतावर ठेवलं. झालं उलटंच. पळून आलेले गुलाम तिथं येऊ लागले, दीन शिकू लागले. १६९९ मध्ये त्यांची वफात झाली. ज्या भागात त्यांना बंदी म्हणून ठेवलं, त्या भागाचं नाव आज मकासर आहे. कैद्याच्या गावाचं नाव तुरुंगाला पडलं! १९९५ मध्ये इंडोनेशियाने त्यांना राष्ट्रीय वीर जाहीर केलं आणि २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यांना मरणोत्तर ऑर्डर दिली. एकच माणूस दोन देशांचा वीर ठरला.

दुसरे तुआन गुरू. तिदोर बेटावरचे शहजादे, नाव अब्दुल्लाह बिन काझी अब्दुस्सलाम. १७८० मध्ये त्यांना रॉबेन बेटावर कैदेत टाकलं. ते हाफिज होते. बेटावर मुसहफ कुठून मिळणार? त्यांनी आठवणीतून पूर्ण कुरआन हाताने लिहून काढलं. सुटल्यावर ते केपटाऊनच्या बो-काप वस्तीत मदरसा चालवू लागले. १७९४ मध्ये डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद उभी राहिली, देशातली पहिली. जागा होती कोरिडॉन या सिलोनहून आणलेल्या, पुढे मुक्त झालेल्या माणसाच्या कुटुंबाची. सार्तजी नावाच्या स्त्रीने ती मशिदीसाठी राखून ठेवली. कंपनीच्या कायद्यात तेव्हा इस्लामच्या सार्वजनिक पालनाला मनाई होती, शिक्षा मृत्यूची होती. धर्मस्वातंत्र्याचा हुकूम निघाला १८०४ मध्ये, मशिदीनंतर दहा वर्षांनी.

आता भाषेकडे वळू, कारण दोन भाषांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हा भाग सर्वांत गोड लागतो. बंगाली, मलबारी, मलागासी, बुगी अशा नाना बोलींची माणसं एका स्वयंपाकघरात राबत होती. मालकाशी तोडकीमोडकी डच, आपसांत मलय. त्या तोडक्यामोडक्या डचमधून जी भाषा तयार झाली तिला पुढे आफ्रिकान्स म्हणू लागले. त्या भाषेत ‘पुष्कळ’ला ‘बाया’ म्हणतात, केळ्याला ‘पीसांग’. हे शब्द मलयमधून आलेत. घरातले साहेब ही ‘स्वयंपाकघरातली भाषा’ लिहायला लाजत होते, तेव्हा केपच्या मदरशांतली मुलं तीच भाषा अरबी लिपीत गिरवत होती.

या लिपीच्या गोष्टीत मुत्सद्देगिरीचाही एक धागा आहे. केपच्या मुसलमानांमध्ये मसल्यांवरून भांडणं व्हायची. त्यांनी इंग्रज सरकारमार्फत एखादा आलिम मिळावा अशी विनंती केली. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातून ती इस्तंबूलला पोचली आणि सुलतान अब्दुल अजीजने अबू बक्र एफेंदी या कुर्दी विद्वानाला धाडलं. जानेवारी १८६३ मध्ये ते केपटाऊनला उतरले. इंग्रजांचा अंमल, उस्मानी आलिम, शागिर्द गुलामांची नातवंडं. एफेंदींनी लोकांची भाषा शिकून घेतली आणि ‘बयानुद्दीन’ हे पुस्तक आफ्रिकान्समध्ये, पण अरबी लिपीत लिहिलं. १८७७ मध्ये ते इस्तंबूलला छापलं गेलं. आफ्रिकान्समधल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे ज्यांनी आफ्रिकान्सला ‘गोऱ्यांची पवित्र भाषा’ केलं, त्यांच्या पाठ्यपुस्तकांत हे आलं नाही. भांडणं मात्र मिटली नाहीत. केपचे मुसलमान शाफई, एफेंदी हनफी. केपचं आवडतं खाणं म्हणजे समुद्रातला क्रेफिश, शेवंडासारखा. एफेंदींनी तो जायज नाही म्हटलं. समुद्रकाठच्या शाफई माणसाला असं सांगून बघा! कोकणातला कुणीही वाचक हसेल. आपण शाफई का, केपवाले शाफई का, याचं उत्तर एकच आहे. अरबी, हजरमी व्यापारी आणि आलिम ज्या ज्या किनाऱ्यांना लागले, कोकण, मलबार, जावा-सुमात्रा, तिथं तिथं हा मसलक गेला. पुढे केपटाऊनला कोकणी आणि मलाय शेजारी आले तेव्हा फिकहच्या बाबतीत ते आधीपासूनचेच शेजारी निघाले.

मधला काळ झपाट्याने सांगतो, कारण त्यात सह्या जास्त आणि माणसं कमी आहेत. १७९५ मध्ये इंग्रजांनी केप घेतलं, १८०३ मध्ये तहानुसार परत दिलं, १८०६ मध्ये पुन्हा घेतलं आणि १८१४ मध्ये युरोपात बसून कागदावर कायमचं नावावर करून घेतलं. केपमधल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, पण वरची चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली राबवून घेतलं. मग हिरे सापडले, सोनं सापडलं, इंग्रज-बोअर युद्ध झालं आणि १९१० मध्ये चार प्रांतांचं एक राज्य झालं. तीनच वर्षांत जमीन कायदा आला आणि देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांसाठी जेमतेम सात टक्के जमीन राखली गेली. मूळचे कोण या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या बाजूने सर्वांत पक्कं होतं, त्यांच्याच हातून जमीन गेली.

आता आपली माणसं. नाताळमध्ये इंग्रजांना उसासाठी मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ हे जहाज मद्रासहून ३४२ जणांना घेऊन डर्बनला लागलं. १९११ पर्यंत असे सुमारे १,५२,००० गिरमिटिये गेले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना दहा शिलिंग. हे लोक मद्रास आणि कलकत्ता या दोन बंदरांतून जात होते. त्यांच्यामागून स्वतःचं तिकीट काढून व्यापारी गेले, बरेचसे गुजराती मुसलमान. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी १८९३ मध्ये एक तरुण वकील डर्बनला आला. तो मोहनदास गांधी.

कोकणी लोकांची वाट वेगळी होती. ते ना गिरमिटिये, ना शेठ. रत्नागिरी, जंजिरा भागातले, मुंबईमार्गे केपटाऊनला उतरलेले, कुणी फेरीवाले, कुणी दुकानात नोकर, मग बरकत झाली की छोटं किराणा दुकान. १८९५ मध्ये डर्बनला गेलेले हजरत गुलाम मोहम्मद सूफी साहेब हेही रत्नागिरीकडचेच. उमगेनी नदीकाठी रिव्हरसाइडला त्यांनी मशीद आणि मदरसा उभारला. केपटाऊनची हबीबिया मशीद त्यांच्याच सिलसिल्यातली. पुढे तिच्याभोवती हिंदी मुसलमानांची वस्ती वाढली.

केप सरकारने १९०२ मध्ये कायदा केला : उतरणाऱ्याला युरोपातली एखादी भाषा लिहिता आली पाहिजे. उर्दूत सुंदर हस्ताक्षर असो की मोडीत हिशेब येत असो, अंगठेबहाद्दरच. ज्यू लोकांनी त्यांच्या यिडिश भाषेसाठी अर्ज-विनंत्या केल्या. ती हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहितात. १९०६ च्या कायद्यात यिडिशला युरोपी भाषा मानलं गेलं. उर्दूचं नशीब तसं नव्हतं. लिपीची दिशा अडचणीची नव्हती, माणूस कुठला हे अडचणीचं होतं.

आणि परवाना! केपमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या हिंदी माणसाला गावी जायचं तर आधी परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, हाताचे ठसे आणि परत येण्याची मुदत. मुदत चुकली की दरवाजा बंद. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या परवान्यांच्या फायलींवर मोठं काम केलंय. विचार करा, पावसाळ्यात बंदरं बंद, घरात कुणी आजारी, मुलीचा निकाह ठरतोय, आणि खिशात तारीख पडलेला कागद. बायका बहुतेक गावीच राहायच्या. बाप केपटाऊनला, आई कोकणात, मुलगा सोळा वर्षांच्या आत असेल तर बापाकडे जाऊ शकतो. म्हणून घराघरांतून पोरं ‘वयात बसतायत तोवर’ पाठवली गेली. कोकणातल्या कितीतरी आयांनी मुलाला बंदरावर सोडलं ते कायद्यातल्या एका आकड्यामुळे.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, गुहागरजवळच्या कोतळूकचे. दोन वर्षं आधी त्यांनीच कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नाताळला गिरमिटिये पाठवणं बंद करण्याचा ठराव मांडला होता आणि १९११ मध्ये ते बंदही झालं. या दौऱ्यातली एक गोष्ट गांधीजींनी लिहून ठेवलीय. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय मंडळींची सभा होती. गांधीजींनी गोखल्यांना सुचवलं, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. गोखल्यांना हसू आलं. गांधींचं मराठीचं ज्ञान त्यांना ठाऊक होतं आणि हिंदुस्थानीचंही! पण ते मराठीत बोलले, आणि त्यानंतर अगदी झांजिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत मराठीतच बोलत राहिले. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलं क्षणभर गप्प होतात. समुद्रापार हजारो मैलांवर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, कोकणी मुसलमानांशी बोलायचं तर मराठीत बोलावं, हे गुजराती गांधींना आणि चित्पावन गोखल्यांना सांगावं लागलं नाही. त्या सभेत कुणी कुणाला ‘तुम्ही मराठी बोलता?’ असं नवल करून विचारलं नसेल. आम्हाला मात्र आजही बस स्टँडवर, सरकारी काउंटरवर हे ऐकावं लागतं.

गोखले परतले आणि चारच महिन्यांत, मार्च १९१३ मध्ये, केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून आल्या होत्या. निकाह इस्लामी पद्धतीने, आणि त्या पद्धतीत बहुपत्नीत्वाला परवानगी, म्हणून कायद्याच्या नजरेत ते लग्नच नाही, त्यांना प्रवेश नाही. एका ओळीने हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांच्या आया-बायका बिनलग्नाच्या ठरल्या. त्या वर्षीच्या सत्याग्रहात बायका तुरुंगात गेल्या त्या यामुळे. १९१४ मध्ये गांधी-स्मट्स समझोता झाला, माजी गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा कर गेला आणि एका पत्नीचा विवाह मान्य झाला.

‘परत जा’ मात्र थांबलं नाही, उलट ते सरकारी योजना झालं. १९२६ च्या अखेरीस केपटाऊनला हिंदुस्थान सरकार आणि तिथलं सरकार यांची गोलमेज बसली. आपल्या बाजूचे प्रमुख होते सर मुहम्मद हबीबुल्लाह. १९२७ चा केपटाऊन करार दुधारी निघाला. एकीकडे जे राहतील त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने मान्य केली. दुसरीकडे जे जातील त्यांना फुकट तिकीट आणि माणशी वीस पौंड. काही हजार लोक गेलेही. कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये अशा परतलेल्यांच्या झोपड्या होत्या. त्यांतले कित्येक डर्बनला जन्मलेले. गावात जात विचारत, हवा मानवत नसे, पैसे संपत, आणि ते पुन्हा कुठल्यातरी वसाहतीला नेणारं जहाज शोधत. वीस पौंडांत ‘वतन’ परत मिळत नाही, हे त्यांना तिथं उतरल्यावर कळलं.

मग आला १९४६ चा कायदा. हिंदी लोकांनी कुठं जमीन घ्यावी, कुठं राहावं यावर बंधन. लोक त्याला घेट्टो कायदा म्हणाले. डॉ. युसूफ दादू आणि डॉ. मोंटी नायकर यांच्या पुढाकाराने डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. इकडे हिंदुस्थानने, अजून स्वतः स्वतंत्र नसताना, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघात नेलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित, आणि कायद्याची बाजू सांभाळायला मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. समोर होते स्मट्स. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची मानवी हक्कांबद्दलची प्रस्तावना याच स्मट्सनी लिहायला घेतली होती! त्यांचा मुद्दा : हा आमचा घरचा मामला आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५. दोन तृतीयांश बहुमत मिळालं. तो ठराव कुणावर सैन्य धाडणारा नव्हता. पण आपल्या हद्दीतल्या माणसांना कसं वागवता हे जग विचारू शकतं, ही वाट तिथून पडली आणि वर्णद्वेषाविरुद्धचा पुढचा पन्नास वर्षांचा जागतिक दबाव त्याच वाटेने गेला.

तिथल्या लोकांना लगेच फायदा झाला नाही हेही सांगायला हवं. उलट १९४८ मध्ये स्मट्स हरले आणि त्यांच्याहून कडवे आले. १९५३ मध्ये हिंदुस्थानातून बायको-मुलं आणायची सोय बंद झाली. गावाकडून नवी सून येणं थांबलं आणि तिच्याबरोबर येणारी बोलीही थांबली, असं आम्हाला वाटतं. दुकानाची भाषा इंग्रजी-आफ्रिकान्स, मदरशाची उर्दू; कोकणी आईबरोबर घरात यायची. १९६६ मध्ये केपटाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झालं आणि साठ हजारांवर माणसं उठवली गेली. मलाय, कोकणी, आफ्रिकी, ज्यू एका गल्लीत राहत होते ते वेगवेगळ्या कप्प्यांत टाकले गेले. हिंदी लोकांना मिळालं रायलँड्स. मशिदी तेवढ्या पाडल्या नाहीत. पांगलेले लोक जुमाला लांबून बसने तिथं येत राहिले. आणि गिरमिटियांचं पहिलं जहाज लागल्यावर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, हिंदी लोक हे देशाचे कायमचे रहिवासी आहेत असं सरकारने एकदाचं मान्य केलं. समान मताचा अधिकार मिळाला तो १९९४ मध्ये, काळ्या बहुसंख्याकांबरोबर, एकाच रांगेत उभं राहून.

१९४६ मध्ये जो देश जगासमोर आरोपी होता, तोच २९ डिसेंबर २०२३ रोजी गाझाच्या प्रश्नावर इस्रायलविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्यादी म्हणून गेला. ‘घरचा मामला’ या शब्दांची किंमत त्या देशाला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

तास संपत आला की कुणीतरी विचारतंच, “मग ते कोकणी लोक आता कोणती भाषा बोलतात?” आम्ही सांगतो, मुलं इंग्रजीत, बाजारात आफ्रिकान्स, दुआ अरबीत, बयान कधी उर्दूत. कोकणी अजून आहे, पण बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. यंदा त्यावर अहमदने विचारलं, “आणि त्यांना तिथं कोण म्हणतात? इंडियन की आफ्रिकन?” अनिकेत मागून म्हणाला, “केपटाऊनवाले.” घंटा झाली.